मुका टप्पा

चौथ्या ओळीत 'ठ' नव्हताच. डोळे तपासायच्या जुन्या तक्त्यात होता. पण जुन्या तक्त्यामागचा दिवा फडफडायला लागला होता, म्हणून त्या दिवशी सकाळीच तिने स्टुलावर चढून तो उतरवला आणि खोक्यातला नवा टांगला. नव्याची चौथी ओळ 'ल'पासून सुरू होत होती. आणि दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, खुर्चीत येऊन बसलेले सर, म्हणजे तिचा नवरा, एक डोळा तळहाताने झाकून वर्गातल्यासारख्या खड्या आवाजात म्हणाले, "ग, ठ, प, न, र. पुढची वाचू?" ती त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. तपासणीच्या भिंगांची पेटी तिच्यासमोर उघडी होती आणि त्यातलं एक भिंग ती पुसत होती. नेहमी असंच असायचं. परक्या गिऱ्हाइकासमोर ती उभी राहायची, त्याची हनुवटी सरळ करायची, डोळे बारीक करून वाचतोय का, मान वाकडी करतोय का, ते बघायची. घरच्या माणसाला एवढे सोपस्कार कशाला? तक्ता तिला पाठ होता, चूक झाली तर कानाला कळणारच. वर्षातून एकदा, चष्म्याची काडी मोडली किंवा काचेवर ओरखडा आला की सर येऊन बसायचे, ती पाठमोरी राहून ऐकायची, 'छान' म्हणायची आणि मग दोघं चहा प्यायची. त्या दिवशीही तिच्या तोंडून 'छान' निघून गेलं. पुसणारा हात तेवढा थांबला. मग तिने वळून तक्त्याकडे पाहिलं, तक्त्यावरून सरांकडे. सर तिच्या कानाकडे बघून हसत होते.

आता ते दोघं अभयारण्याच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसले होते आणि सर तसेच खिडकीच्या काचेकडे बघून हसत होते. खासगी गाड्या फाटकाच्या आत सोडत नसत, म्हणून ही हिरवी बस. बसमध्ये इतकं हादरत होतं की दात वाजावेत. पुढच्या बाकावर नवीन लग्न झालेलं एक जोडपं एकाच डब्यातली बिस्किटं खात होतं, त्यांच्या पुढे मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसा कॅमेरा घेतलेला एक लठ्ठ गृहस्थ, आणि ड्रायव्हरशेजारी खाकी टोपीतला रक्षक, पाठ ताठ, सगळ्यांवर आधीच थोडा रागावलेला. सरांनी तिला लाल स्वेटर घालायला लावला होता. "लालच घाल. फोटोत उठून दिसतो," असं ते निघताना म्हणाले होते आणि बायकोच्या कपड्यांकडे आयुष्यात पहिल्यांदा लक्ष गेलं म्हणून तिने त्यांची टर उडवायला तोंड उघडलं होतं. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. फोटोचा काय संबंध? लाल रंग त्यांना पुढे चालताना दिसावा म्हणून. त्या रंगामागून चालता यावं म्हणून. आठवडाभर हेच चाललं होतं. जुन्या गोष्टी एकेक करून उठत होत्या आणि आपलं दुसरंच तोंड तिला दाखवत होत्या. सरांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा ती त्यांना कंजूष म्हणाली होती. जिन्यावर ते तिला कायम पुढे घालत, 'आधी बायका' असं म्हणत, तेव्हा या वयात सुचलेल्या शिष्टाचाराचं तिला हसू आलं होतं. पेपर ते मोठ्याने वाचून दाखव म्हणत आणि ती वाचत असे. म्हातारपणी नवरा जवळ आला, असं तिने लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा होतं. लेक म्हणाली होती, मजा आहे तुमची.

मजाच होती. आजार कोणता असेल याचा अंदाज तिला त्याच दुपारी आला होता, त्यासाठी कुठलं यंत्र लागलं नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातो आणि कडा राहतात. माणूस घरात नीट वावरतो, दाराला धडकत नाही, पेला उचलतो. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. अक्षराकडे बघितलं की अक्षर जातं. चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा. मग माणूस हळूहळू बाजूला बघायला शिकतो, समोरच्याच्या कानाकडे, खांद्याकडे, म्हणजे डोळ्याच्या कडेतून तो समोरचा थोडाफार सापडतो. अशी माणसं तिच्या दुकानात कितीतरी येऊन गेली होती. पहिल्या वाक्याला ती ओळखायची आणि मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायची. त्यांच्या घरच्यांवर ती चिडायचीसुद्धा. 'एका घरात राहता आणि तुम्हाला कळलं नाही?' असं एका सुनेला ती सगळ्यांदेखत बोलली होती. ती सून रडत रडत पायऱ्या उतरली होती. तिची आता रोज आठवण यायची.

सांगून टाकायचं, एवढंच करायचं होतं. त्याच दुपारी म्हणायचं होतं, अहो, तक्ता बदललाय. पण ते म्हणताच 'मग इतके दिवस तुला कसं कळलं नाही?' हा पुढचा प्रश्न तिलाच विचारला गेला असता. म्हणून तिने स्वतःची समजूत घातली की सर आपणहून सांगतील. सांगायला हवं. इतक्या वर्षांत त्यांनी काही लपवलं नव्हतं. लपवायला गेले तर कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. तिने वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता तिच्या हातून नको नको ते घडलं. मिठाची बाटली तिने रोजच्या जागेवरून हलवून ठेवली. सर न बोलता अळणी जेवले. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती त्यांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभी राहिली आणि तिने जीभ बाहेर काढून दाखवली. साठीला टेकलेली बाई, हातात पळी, आणि लहान पोरीसारखी जीभ बाहेर. सर तिच्या कानाकडे बघत प्रेमाने म्हणाले, "चहा झाला का गं?" तिला रडू आलं. आणि ती तिथेच, त्यांच्या समोर उभी राहून, तोंड न लपवता, आवाज न करता रडली, कारण लपवायची गरजच नव्हती. मग तिने चहा गाळला. कप हातात देताना म्हणाली, "गरम आहे, जपून." ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमची आज्ञा." ती डॉक्टर नव्हती, पण गेली कित्येक वर्षं ते तिला असंच चिडवत आले होते.

सहलीचा हट्टही त्यांचाच. आयुष्यभर भूगोल शिकवला. खडूची बाजू फळ्यावर आडवी घासून ते घळई काढायचे, दोन्हीकडे उभे कडे, मधे बारीक नदी, आणि सांगायचे की मुलांनो, नदी खाली गेलेली नाही, जमीन वर आली आणि नदीने आपली जागा सोडली नाही. निवृत्त झाल्यावर जाऊ, असं दर वर्षी ठरायचं. निवृत्त होऊनही तीन-चार उन्हाळे गेले. या वर्षी मात्र एकाएकी घाई. याच महिन्यात. पुढच्या वर्षी कोण जाणे, असं ते म्हणाले आणि तिने त्यांना दटावलं की असलं अभद्र बोलू नका. कोण जाणे म्हणजे काय ते आता तिला कळत होतं. उरलेल्या कडांमध्ये जेवढी मावेल तेवढी घळई त्यांना बघून घ्यायची होती. ते कळलं म्हणूनच तिला 'जायला नको' म्हणता आलं नाही. आणि आता बसने शेवटचं वळण घेतलं होतं. वाट सुरू व्हायच्या आत सर बोलले नाहीत तर तिला बोलावं लागणार होतं, चारचौघांसमोर, आणि ती बोलेल याची तिची तिलाच खात्री नव्हती.

बसमधून उतरल्यावर रक्षकाने सगळ्यांना कडेला उभं केलं. "दोन टप्पे आहेत," तो म्हणाला. "पहिल्याला भिंतीत साखळी आहे. धरून चालायचं, बोललात तरी चालेल. दुसरा मुका टप्पा. समोरच्या कपारीत गिधाडांची घरटी आहेत, पिल्लं आहेत. तिथे बोलायचं नाही, खोकायचं नाही, काठी आपटायची नाही. एका वेळी एकच माणूस. मी पलीकडे जाऊन हात वर केला की पुढच्याने निघायचं. तिथे साखळी नाही, खडकाला भोकं पाडायला बंदी आहे. मधे एका जागी वाट तुटलीय. चुन्याने पांढरी खूण केलीय. खुणेच्या अलीकडून भिंतीला चिकटून जायचं. खुणेवर पाय पडता कामा नये. कुणाला चक्कर वगैरे येत असेल तर पहिला टप्पा बघून मागे फिरा, त्यात लाज नाही. आवाज झाला तर पक्षी उठतो, उठला की पिल्लू उन्हात मरतं, आणि मग मी हंगामभर वाट बंद करतो. समजलं?" लठ्ठ गृहस्थ म्हणाला की इथे यायला आपण वर्षभर थांबलोय, आपण श्वाससुद्धा घेणार नाही. नवी नवरी खुदकन हसली. सर म्हणाले, "उत्तम व्यवस्था आहे," आणि रक्षकाच्या टोपीच्या थोडं वर बघून मान हलवली.

पहिला टप्पा तिने पाठ दाखवून काढला. ती पुढे, लाल स्वेटरमध्ये, आणि सर मागे. साखळी गार आणि ओली होती, हाताला गंजाचा वास लागत होता. खालून नदीचा आवाज येत होता, पण तो खालून येतोय असं वाटत नव्हतं, भिंतीतून येतोय असं वाटत होतं. तिने घळई पाहिली नाही. ती मागचे पाय ऐकत होती. बुटाचा तळ खडकावर घासला, थांबला, मग पुन्हा घासला. प्रत्येक उंचवट्याशी ती उगाचच मोठ्याने बोलायची, "अगंबाई, इथे पायरीच आहे की!" किंवा "डोकं वाचवायला हवं बाई इथे," जणू स्वतःशीच. सर मागून म्हणायचे, "वय झालं तुझं. पायरीला पायरी म्हणायला लागलीस." पण पाय त्या जागी अचूक उचलला जायचा. असे किती तरी खोटे उद्गार तिने त्या वाटेवर काढले. त्यांना कळत होतं का? कळत असेल तर ते का बोलत नव्हते, आणि कळत नसेल तर ही इतकी बडबड त्यांना खपत कशी होती? इतकी वर्षं सोबत काढलेल्या माणसाबद्दल तिला एवढंही सांगता येत नव्हतं, आणि याचं तिला भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

टप्पा संपला तिथे खडक बाहेर आला होता आणि सगळे टेकले. समोर घळई उघडी होती. सरांनी कंबरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला, आणि मग ते वर्गात शिरले. त्याला दुसरा शब्द नाही. नव्या जोडप्याला ते थर दाखवू लागले. "तो वरचा तांबडा पट्टा बघा. त्याच्याखाली करडा. करडा म्हणजे इथे एकेकाळी समुद्र होता. आणि सगळ्यात खाली ती नदी. कशी हिरवीगार आहे बघा, काचेसारखी." नवरी वाकली आणि म्हणाली, "हिरवी? मातकट आहे की, सर. चहासारखी." सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "सकाळी वरून हिरवी दिसत होती. वरच्या अंगाला पाऊस झाला असेल." सर लगेच म्हणाले, "अगदी बरोबर. गाळ. गाळावर मी तास तास बोलत असे." नवरा-नवरी गाळाकडे बघू लागली. तिला स्वतःचा राग आला. आता तीसुद्धा तक्ता म्हणायला लागली होती.

ती सरांना थोडं बाजूला घेऊन गेली. पाणी दिलं. बाटली त्यांच्या हातात टेकवली, ती त्यांनी धरली, घोट घेतला. "अहो," ती म्हणाली, "काही सांगायचंय का तुम्हाला?" वारा होता, तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूलाही करत नव्हती. सर तिच्या खांद्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, आता. मग ते म्हणाले, "सांगायचंय ना. भूक लागलीय." ती म्हणाली, "इथूनच मागे फिरूया का? माझे गुडघे बोलायला लागलेत." "तू थांब इथे," ते म्हणाले. "मी जाऊन येतो." "एकटे?" "तो एकेकट्यालाच सोडतोय की." त्यांच्या आवाजात हसू होतं आणि त्या हसण्याखाली कडक काहीतरी होतं, पूर्वी वात्रट मुलांना बाकावर उभं करताना असायचं तसं. "पुढे काय आहे माहितीय तुला? नदीचा बाक. संपूर्ण वळसा. मी तो फळ्यावर काढून काढून खडू संपवलेत. तो बघायला आलोय मी." तुम्हाला दिसणार नाही, हे वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं. तिने ते गिळलं. इथे, या लोकांसमोर, नवरीने नुकतं तोंडघशी पाडलेलं असताना? पुढे वाटेच्या तोंडाशी सांगू. तोपर्यंत तेच बोलतील. असं ती पुन्हा म्हणाली, मनातल्या मनात, आणि पुन्हा तिचा स्वतःवर विश्वास बसला.

मुक्या टप्प्याच्या तोंडाशी रक्षकाने ओठांवर बोट ठेवलं आणि तो निघाला. तो वाटेवरून गेला तसा पलीकडे लहान होत गेला. समोरच्या कपारीत पांढऱ्या विष्ठेचे ओघळ होते आणि त्यांच्या वर काळसर गोळा, तो हलला तेव्हा पक्षी होता. रक्षकाने हात वर केला. लठ्ठ गृहस्थ आत पोट ओढून भिंतीला घासत गेला. मग नवरा. मग नवरी, जी खाली न बघता नवऱ्याच्या तोंडाकडे बघत गेली. मग रक्षकाने हात वर केला आणि सरळ सरांकडे बोट दाखवलं. तिने सरांची बाही धरली. बोलायची सोय नव्हती. तिने मान हलवून 'नको' म्हटलं, जोरजोरात, आणि तिच्या लक्षात आलं की आपण कुणाला मान हलवून दाखवतोय. सरांनी तिची बोटं हळूच सोडवली, थोपटली, आणि पाय उचलला.

वाट तशी रुंद होती. सुरुवातीला काही नाही. सर उजव्या हाताने भिंत चाचपत, ताठ चालत होते, दुरून कुणालाही वाटावं की एक निवृत्त गृहस्थ फिरायला निघालेत. ती त्यांचे बूट बघत होती. तिचा सगळा जीव डोळ्यांत आला होता. पांढरी खूण तिला इथून स्पष्ट दिसत होती. खुणेच्या पलीकडे वाटेचा तुकडा दिसत होता, पण त्याच्याखाली काही नव्हतं, सावली होती. त्यांना सावली आणि खडक एकच. आणि खूण ते शोधत होते, हे तिला दिसलं. ते मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवत होते, कडेत पकडायला बघत होते, आणि पांढरं ऊन पांढऱ्या खडकावर सगळीकडेच पडलं होतं. पलीकडे रक्षकाचा हात अजून वर होता. सरांनी भिंत सोडली. त्यांना बहुधा खूण सापडली असं वाटलं. ते डावीकडे सरकले, बाहेरच्या बाजूला, जिला ते खूण समजत होते तिच्या अलीकडून, आणि त्यांचा डावा बूट खऱ्या खुणेवर पूर्ण पडला. खडे सुटले. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. त्यांनी उजवा पाय पुढे टाकण्यासाठी उचलला.

"थांबा!" ती ओरडली. "तुम्हाला दिसत नाहीये. उजवा पाय मागे घ्या. मागे. आता डावा. हात उजवीकडे करा, भिंत आहे. टेका पाठ." आवाज कापला नाही. दुकानातला आवाज होता तो, हनुवटी वर करा, इकडे बघा, डोळे मिटू नका. घळईने तो उचलला आणि परत परत म्हटला, दिसत नाहीये, दिसत नाहीये, आणि कपारीतून काहीतरी जड फडफडत उठलं. तिने तिकडे पाहिलं नाही. सर भिंतीला पाठ लावून उभे होते. दोन्ही तळहात खडकावर. खुणेचा पांढरा चुना त्यांच्या बुटाला लागला होता. पलीकडे लठ्ठ गृहस्थ हात उडवून काहीतरी बोलत होता, बोलायला आता हरकत नव्हती, आणि रक्षक वाटेवरून झपाझप येत होता, तोंड रागाने काळं झालेलं. सरांजवळ येऊन तो थांबला. त्याने त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. मग त्याचा राग उतरला. तो त्यांना दंडाला धरून हळूहळू तिच्यापर्यंत घेऊन आला आणि बाकीच्यांना आणायला पुन्हा गेला.

दोघंच राहिले. सरांना धाप लागली होती. तिला त्यांना घट्ट धरायचं होतं आणि तिचे हात उठत नव्हते. "कधीपासून माहितीय?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "चष्म्याची काडी बदलली त्या दिवसापासून. तक्ता बदलला होता मी." "म्हणजे निघताना माहीत होतं." "हो." "साखळी धरली तेव्हा." "हो." "मघाशी पाणी दिलंस तेव्हा." वर पक्षी घिरट्या घालत होता, त्याची सावली त्या दोघांवरून गेली आणि पुन्हा गेली. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते मी," ती शेवटी म्हणाली, आणि बोलल्यावर तिला ते वाक्य किती पोकळ आहे ते ऐकू आलं. सर म्हणाले, "मीपण थांबलो होतो. पहिल्या वेळी तक्ता मुद्दाम पाठ म्हटला नव्हता मी. सवयीने तोंडातून गेलं, आणि तू छान म्हणालीस. मग वाटलं, पुढच्या वेळी वळेल ही. मी ते घोकलेलं म्हणत बसायचो आणि मनात म्हणायचो, आता वळेल. एकदा मी मुद्दाम चूक केली. तुला आठवत नसेल. तू म्हणालीस, दमलाहात तुम्ही." तिला आठवत होतं. तिने त्यांना त्या दिवशी लवकर झोपायला लावलं होतं. "मग आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि चढला त्याची लाजही वाटली. "कुणाला?" सर म्हणाले. "तुला? डोळ्यांचं?"

रक्षक बाकीच्यांना घेऊन परत आला. नवरी सरांकडे बघतच नव्हती, तिचा नवरा तिच्या कानात काहीतरी सांगत होता. लठ्ठ गृहस्थाने कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाला की काही लोकांनी घरीच बसावं. रक्षक कडक आवाजात म्हणाला, वाट बंद झालीय, सगळ्यांनी मागे फिरायचं आहे, एका रांगेत. ती पुढे झाली. लाल स्वेटर सरळ केला. परतीच्या साखळीशी उभी राहून तिने हात मागे केला, सरांसाठी, तळवा उघडा. पण सर तिच्या दिशेने आले नाहीत. त्यांनी आवाजाच्या अंदाजाने रक्षकाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "तुम्ही मला न्याल का हो? मला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं थोडं. तुम्ही माझ्या उजवीकडून, अर्धं पाऊल पुढे चाला, म्हणजे तुमचा खांदा मला सापडेल." रक्षक म्हणाला, "या, सर," आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. ते दोघं तिच्या बाजूने पुढे गेले. जाताना सरांची बाही तिच्या हाताला घासली.

ती मागे राहिली. साखळी धरून चालू लागली. पुढे सर बोलत होते, सावकाश, अगदी मोकळेपणाने, जणू इतके दिवस त्यांना हेच बोलायचं होतं आणि फक्त माणूस मिळत नव्हता. वाचायला येईना तेव्हा काय केलं, मोठ्या डॉक्टरांकडे कुणाला न सांगता कसे गेले, ते काय म्हणाले, कुठलं औषध टोचतात, त्याने गेलेलं परत येत नाही पण उरलेलं टिकतं कदाचित. तिला काहीच ठाऊक नव्हतं. एकेक शब्द ऐकू यावा म्हणून ती पाय उचलून चालत होती, आणि नदीचा आवाज मधे येत होता. लोकांचे चेहरे दिसतात का, असं रक्षकाने विचारलं. "नाही," सर म्हणाले, "ते सगळ्यात आधी गेले. बायकोचाही." मग रक्षकाने विचारलं, "आणि घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आमचं डोळे तपासायचं दुकान आहे," सर म्हणाले.

रक्षक खो खो हसला. त्याला वाटलं, सरांनी विनोद केला. हसता हसता त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, तीही हसत असेल म्हणून. मग सरही हसले, आणि त्यांचा पाय पायरीवर बरोबर पडला. तिने साखळी सोडली नाही. ती त्यांच्या मागून चालत राहिली.